किडनीसाठी पॉलिमर धाग्यांचे स्कॅफोल्ड: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिमर (प्लॅस्टिकसारखे, रेणूंच्या लांब साखळ्यांचे पदार्थ) शिकवत असल्यामुळे हा विषय वर्गात निघतो, आणि वर्गाबाहेर त्याहून जास्त निघतो. विचारणाऱ्यांत बी.एस्सी.ची मुलं असतात, यंत्रमागाचे कारखानदार असतात, आणि सगळ्यात जास्त असतात डायलिसिस युनिटच्या बाहेर बाकावर चार-चार तास बसून राहणारे नातेवाईक. त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. ज्यांना फक्त उपचाराचं बघायचं आहे त्यांनी सरळ खालच्या प्रश्नांकडे जावं, मधलं रसायनशास्त्र नंतर वाचलं तरी चालेल.

स्कॅफोल्ड म्हणजे नेमकं काय?

पेशींना धरून बसायला आणि वाढायला दिलेली जाळी. रक्तातल्या पेशी सोडल्या तर शरीरातली पेशी सहसा सुटी राहत नाही. कोलॅजेन, लॅमिनिन अशा प्रथिनांच्या अतिशय बारीक तंतूंवर ती टेकलेली असते, आणि कुठे आहोत, काय काम करायचं, याची खूण तिला बरीचशी या तंतूंकडूनच मिळते. त्याच पेशी प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या सपाट बशीत वाढवल्या की पसरतात, चपट्या होतात आणि हळूहळू मूळचं काम सोडून देतात. किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी याबाबतीत फारच हळव्या आहेत. म्हणून त्यांच्यासाठी पॉलिमरच्या धाग्यांची जाळी करायची, तिच्यावर पेशी रुजवायच्या, पेशींनी स्वतःची प्रथिनं सोडून स्वतःची जाळी तयार करावी आणि तोवर पॉलिमर विरघळून जावं, असा हा सगळा बेत आहे.

इतका बारीक धागा काढतात कसा?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. सामान फार लागत नाही: एक सिरिंज, ती अगदी सावकाश दाबणारा पंप, टोक घासून बोथट केलेली सुई, दहा ते तीस हजार व्होल्ट देणारा वीजपुरवठा, आणि समोर दहा-वीस सेंटिमीटरवर ॲल्युमिनियम फॉइल लावलेली पाटी किंवा फिरता ड्रम. सिरिंजमध्ये पॉलिमरचं घट्टसर द्रावण असतं.

व्होल्टेज शून्य असताना सुईच्या टोकाला नुसता थेंब लोंबतो. व्होल्टेज वाढवत नेलं की थेंब खालून ओढल्यासारखा निमुळता होतो आणि एका क्षणी शंकूचा आकार घेतो. या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडलं, म्हणून त्याला टेलर कोन म्हणतात. शंकूच्या टोकातून एक झोत निघतो. तो थोडं अंतर सरळ जातो आणि मग वेड्यासारखा गरगरू लागतो, इतक्या वेगाने की साध्या डोळ्यांना फक्त धूसर झालेली हवा दिसते. या गरगरण्यातच तो ताणला जातो, द्रावक उडून जातो आणि फॉइलवर पोहोचेपर्यंत कोरडा धागा झालेला असतो. सुरुवातीला फॉइलवर काहीच दिसत नाही. मग पांढुरका डाग दिसायला लागतो आणि पुरेसा वेळ चालू ठेवलं तर अख्खा पापुद्रा सोलून काढता येतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो बघितला की शेतात कडबा विस्कटून पडावा तसे धागे एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले दिसतात. ड्रम वेगात फिरवला तर ते एका दिशेने लागतात.

हवामानाचा या कामावर फार परिणाम होतो. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, द्रावक झटकन उडतो आणि सुईच्या तोंडाशीच पॉलिमर सुकून बसतं. पावसाळ्यात उलट, दमट हवेत धाग्यांच्या अंगावर बारीक छिद्रं पडतात किंवा मणी येतात. मागावर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून शेडमध्ये ओलावा धरून ठेवावा लागतो, हे त्यांचं रोजचंच आहे.

सोलापुरात एवढे यंत्रमाग आहेत. हे आपल्याकडे विणता येणार नाही का?

हा प्रश्न चादर आणि टॉवेलवाले नेहमी विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. इलेक्ट्रोस्पिनिंग मुळात कापडधंद्यासाठीच शोधलं गेलं. अँटन फोर्महाल्स यांना १९३४ मध्ये अमेरिकेत मिळालेलं पेटंट कृत्रिम सूत काढण्याचंच होतं.

पण अडचण आहे धाग्याच्या जाडीची. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, आणि सुताच्या एका धाग्यात असे कितीतरी तंतू पिळलेले असतात. किडनीची पेशी स्वतःच दहा-वीस मायक्रॉनची. तिला धरायला हवा असलेला तंतू एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक लागतो. असला एकेरी धागा बीमवर भरून ताणा लावणं शक्य नाही, तो फणीतून जायच्या आधीच तुटेल. म्हणून इथे विणत नाहीत. धागे पडतील तसे पडू देतात आणि त्यांचंच कापड होतं, ज्याला नॉनवोव्हन म्हणतात.

तरी माग वैद्यकात अजिबात उपयोगाचा नाही असं कुणी समजू नये. छातीतली किंवा पोटातली महाधमनी बदलायला लागणारी पॉलिएस्टरची नळी आजही विणलेलीच असते. १९५० च्या दशकात अमेरिकेतले सर्जन मायकेल डिबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर अशा पहिल्या नळ्या शिवल्या होत्या. उभा-आडवा धागा, घट्टपणा, रक्त पाझरू नये इतकी दाट वीण, हे सगळं विणकराचंच ज्ञान आहे. मेडिकल टेक्स्टाइलकडे वळायचं असेल तर सोलापूरच्या कारखानदाराने सुरुवात बँडेज, हर्नियाची जाळी, धमनीची नळी अशा गोष्टींपासून करावी असं मला मनापासून वाटतं. किडनीचं स्कॅफोल्ड ही त्याच्या खूप पुढची पायरी आहे.

धागा एक मायक्रॉनचा काय आणि पाच मायक्रॉनचा काय, एवढा फरक पडतो?

पडतो. बारीक धाग्यावर पेशी चांगली चिकटते, कारण शरीरातली जाळीही तशीच बारीक असते. पण धागे जितके बारीक तितकी त्यांच्यामधली भोकं लहान. मग पेशी आत शिरतच नाहीत, वरच पसरून बसतात, आणि आपण जाड स्कॅफोल्ड केलं तरी आतला भाग रिकामाच राहतो. जाड धाग्यांत भोकं मोठी होतात पण पेशीला पकड कमी मिळते. एडिनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलिलॅक्टिक ॲसिडचे वेगवेगळ्या जाडीचे, विस्कळीत आणि एका दिशेने लावलेले धागे करून त्यांवर उंदराच्या किडनीच्या पेशी वाढवून हेच तपासलं आहे. काही ठिकाणी आता दोन जाडींचे धागे एकत्र काढतात, तर काही ठिकाणी पॉलिमर वितळवून धागा हव्या त्या जागी थरावर थर टाकतात. या दुसऱ्या पद्धतीत धागा थोडा जाड राहतो, पण भोकाचा आकार आपल्या हातात येतो.

कोणतं प्लॅस्टिक वापरतात? ते शरीरात राहतं का?

पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं मिश्र पॉलिमर) ही तीन नावं सारखी येतात. आपोआप विरघळणारे टाके तुम्ही पाहिले असतील, त्यांतलं पॉलिमर याच घराण्यातलं. शरीरातलं पाणी या साखळ्या तोडतं. पीएलजीए काही आठवड्यांत ते महिन्यांत संपतं, पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन वर्षं किंवा अधिक लागतात. पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि पीएलजीए तुटताना लॅक्टिक आम्ल तयार होतं. थोडं असेल तर शरीर ते सहज पचवतं, पण एका जागी फार साठलं तर आजूबाजूला आम्लता वाढून सूज येते. जिथे ही सूज येणार ती जागा किडनीची आहे, त्यामुळे हा मुद्दा हलका नाही.

दुसरी अडचण द्रावकाची. क्लोरोफॉर्म, डायमिथाइल फॉर्मामाइड यांसारखे द्रावक वापरले असतील तर त्यांचा अंशही राहता कामा नये, म्हणून स्कॅफोल्ड निर्वातात सुकवून घ्यावं लागतं. तिसरी निर्जंतुकीकरणाची. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, घातलं तर हातात गोळा येतो. पीएलजीए तर ४५-५० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना बंद गाडीतून असा नमुना नेणं म्हणजे तो आक्रसून वाया घालवणं. तो ओलावाशोषक घातलेल्या पाकिटात, थंडीतच ठेवावा लागतो.

रेशमाचाही वापर होतो. कोशातला धागा सोडाॲश घातलेल्या पाण्यात उकळून सेरिसिन हा चिकट थर काढून टाकला की उरतं ते फायब्रोइन हे रेशमाचं मुख्य प्रथिन, आणि त्याचं द्रावण करून त्याचेही नॅनोधागे काढता येतात. रेशमी साड्यांचं सूत तयार करणाऱ्याला यातली पहिली अर्धी कृती पाठ असते.

पॉलिलॅक्टिक ॲसिड असो की पॉलिकॅप्रोलॅक्टोन, दोन्ही पाण्याला दूर ठेवतात. म्हणून त्यांवर प्लाझ्माची (विजेने भारलेल्या वायूची) प्रक्रिया करतात किंवा कोलॅजेन, लॅमिनिनचा लेप देतात. तेवढं केल्याशिवाय पेशी नीट टेकत नाहीत.

त्वचा प्रयोगशाळेत वाढवता येते म्हणतात. मग किडनीलाच काय धाड भरली आहे?

त्वचा हा पातळ थर आहे. प्रत्येक किडनीत मात्र सुमारे दहा लाख नेफ्रॉन (गाळणी आणि तिला जोडलेली नळी मिळून एक नेफ्रॉन) आहेत, वीसहून अधिक प्रकारच्या पेशी आहेत, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली आहे.

एका नेफ्रॉनचं काम बघा. केशवाहिन्यांच्या गुच्छातून रक्त दाबाने जातं आणि तीन थरांतून गाळलं जातं. आतल्या बाजूला रक्तवाहिनीच्या छिद्रं असलेल्या पेशी, मध्ये सुमारे ३००-३५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जाडीचा पडदा, आणि बाहेरून त्याला बोटांनी कवटाळून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. त्यांच्या बोटांमधली फट सुमारे ४० नॅनोमीटरची असते. पाणी, मीठ, युरिया यांतून जातात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन अडतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि पुढच्या नळ्या त्यातलं ९९ टक्के परत घेतात. लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. म्हणजे गाळणं हे निम्मंच काम झालं. काय परत घ्यायचं, किती घ्यायचं, कोणत्या क्षणी घ्यायचं, हा हिशेब नळीतली जिवंत पेशीच करू शकते. त्याशिवाय रक्त तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप आणि रक्तदाबाचं नियंत्रण ही कामं वेगळीच.

आता पॉलिमरवाल्याच्या बाजूने बघा. बारीक धाग्यांचा पडदा आपण करू शकतो, त्याच्या एका अंगाला पोडोसाइट आणि दुसऱ्या अंगाला रक्तवाहिनीच्या पेशी वाढवूही शकतो, तसं करून दाखवलेलं आहे. पण पेशीला प्राणवायू लागतो, आणि तो रक्तवाहिनीपासून फार तर १००-२०० मायक्रॉनपर्यंतच झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी मरतात. म्हणून मोठा तुकडा करायचा तर आत केशवाहिन्यांचं जाळं हवं, त्यातून रक्त गुठळी न होता वाहायला हवं, आणि लघवीला बाहेर जायला वाट हवी. विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त किडन्यांकडे जातं, तो दाब धाग्यांनी सोसायला हवा. शिवाय किडनीचा मांसल भाग मऊ असतो आणि आपली पॉलिमरं त्याच्या मानाने फार कडक. कडक जाळीवर पेशींची वागणूक बदलते. यातली एकेक अडचण कुठे ना कुठे थोडीफार सुटली आहे, पण सगळ्या एकाच वेळी सुटलेल्या नाहीत.

डायलायझरमध्येही धागेच असतात ना?

हो. वापरलेला डायलायझर, म्हणजे डायलिसिसच्या यंत्राची गाळणी, आडवा कापून दाखवला की मुलं गप्प होतात. पारदर्शक नळकांड्यात पांढऱ्या धाग्यांचा गच्च जुडगा असतो, हजारो धागे. भिंगातून टोकाकडे बघितलं तर प्रत्येक धागा पोकळ दिसतो, आतलं भोक सुमारे २०० मायक्रॉनचं. भिंत पॉलिसल्फोनची, तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं. रक्त आतून जातं, डायलायझेट, म्हणजे रक्तातली घाण घेऊन जाणारं द्रावण, बाहेरून उलट्या दिशेने. सगळे धागे उलगडून त्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर दीड-दोन चौरस मीटर भरतं.

या पद्धतीची सुरुवात नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये युद्ध चालू असताना सेलोफेनच्या नळीने केली. म्हणजे किडनीच्या आजारात पॉलिमरने माणसं वाचवायला लागून ऐंशीहून अधिक वर्षं झाली. डायलायझर गाळतो, पण परत काही घेत नाही आणि हार्मोनही करत नाही. ती उणीव भरायला अमेरिकेत डेव्हिड ह्यूम्स यांच्या गटाने अशाच पोकळ धाग्यांच्या आत माणसाच्या नळीपेशी वाढवल्या आणि २००० च्या दशकात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर ते उपकरण वापरून पाहिलं. ते नेहमीच्या उपचारात आलं नाही. पण पॉलिमरच्या धाग्यावर बसलेली किडनीची पेशी माणसाच्या रक्ताशी जोडता येते, एवढं त्यातून दिसलं.

आजवर कुणा माणसाला अशी धाग्यांवर वाढवलेली किडनी बसवली आहे का?

नाही. जगात कुठेही नाही.

मग दुसऱ्या कोणत्या वाटांवर काम चालू आहे?

बॉस्टनमध्ये हॅराल्ड ऑट यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदराच्या किडनीतल्या सगळ्या पेशी डिटर्जंटने धुऊन टाकल्या, उरलेल्या प्रथिनांच्या जाळीत नव्या पेशी भरल्या आणि ती दुसऱ्या उंदराला बसवली. थोडी लघवी तयार झाली, गाळण्याचा दर्जा कमी होता. निसर्गाने केलेलं स्कॅफोल्ड कसं असतं हे बघायचं तर हा प्रयोग अभ्यासावा. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलिसा लिटल यांच्या गटाने मूळ पेशींपासून (स्टेम सेल) किडनीचे इवलेसे गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवले. त्यांत नेफ्रॉनची रचना दिसते, पण ती गर्भातल्या किडनीइतकी कच्ची असते. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनलाच जनुकं बदललेल्या डुकराची किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली गेली. तो रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी गेला, पण मृत्यू त्या किडनीमुळे झाल्याचं दिसत नाही असं रुग्णालयाने सांगितलं. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत रुग्णांपर्यंत आधी पोहोचेल ती ही वाट. धाग्यांची वाट लांबची आहे.

एवढ्या लांबची आहे तर पैसे कशाला घालायचे?

कारण फायदा किडनी बसवण्याआधीच सुरू होतो. सिस्प्लॅटिनसारखं कर्करोगाचं औषध किंवा जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक किडनीच्या नळ्यांना इजा करतं. नवं औषध माणसाला देण्याआधी ते किडनीला किती बाधेल हे तपासायला सपाट बशीतल्या पेशी फारशा उपयोगी नाहीत, त्या आपलं काम विसरलेल्या असतात. धाग्यांवर, वाहत्या द्रवात वाढवलेल्या पेशी खऱ्या किडनीच्या अधिक जवळ जातात. तळहाताएवढ्या चौकटीत चालणारी ही चाचणी उद्या एखाद्याची किडनी वाचवू शकते, आणि म्हणूनच या कामावर माझा जीव आहे.

“स्टेम सेलने किडनी पुन्हा उभी करतो, डायलिसिस बंद होईल” अशी जाहिरात आली आहे. जाऊ का?

जाऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात मूळ पेशींचा प्रस्थापित उपचार म्हणून वापर रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक बाबतींतच, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या स्वरूपात, होतो. किडनीसाठी तो फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीत होऊ शकतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांत रक्कम सांगितली तर एकच विचारा: चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? ती यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. माझ्या ओळखीतल्या एका घराने यासाठी जमीन विकली. आजार होता तिथेच राहिला आणि मधल्या काळात डायलिसिसच्या पाळ्या चुकल्या.

वडिलांचं क्रिएटिनिन वाढत चाललं आहे. हे संशोधन येईपर्यंत काय करावं?

संशोधनाची वाट बघून कोणताही निर्णय लांबवू नका. डॉक्टरांनी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया) करून घ्यायला सांगितलं असेल तर वेळेत करा. त्याला तयार व्हायला आठवडे लागतात, आणि ऐनवेळी मानेत कॅथेटर घालण्यापेक्षा ते कितीतरी बरं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, आपल्याकडे किडनी जाण्याची ही दोन मोठी कारणं आहेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांना आणि विड्या वळत बसणाऱ्या बायकांना अंगदुखी असतेच, आणि मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणून रोज घेतल्या जातात. आधीच अशक्त झालेल्या किडनीला या गोळ्या फार घातक ठरतात, त्यातून उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी असेल तर जास्तच. दुखण्यावर काय घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आहेत ते नेफ्रॉन जपायचे, कारण जन्मानंतर शरीर नवा नेफ्रॉन बनवत नाही.

मुलीला या क्षेत्रात यायचं आहे. काय शिकावं?

पॉलिमर, रसायनशास्त्र, बायोटेक, टेक्स्टाइल, कुठूनही येता येतं. पण पेशी वाढवायला शिकल्याशिवाय फक्त धागा काढून भागणार नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शरीरात बसवायच्या साहित्यावर अनेक वर्षं काम चालू आहे, पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलिमरचं मोठं काम आहे. सुरुवातीचा प्रयोग पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए या पॉलिमरवर करावा, म्हणजे विषारी द्रावकाशी गाठ पडत नाही. वीजपुरवठा बंद करून टोक अर्थिंगच्या तारेला जोडल्याशिवाय सुईला हात लावू नये.

प्रत्यारोपणासाठी नाव कुठे आणि कसं नोंदवायचं?

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली जवळचा नातेवाईक किडनी देऊ शकतो, किंवा मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने संमती दिल्यास ती मिळू शकते. दुसऱ्या वाटेसाठी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत नाव नोंदवावं लागतं. सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतं. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. घरात किडनी द्यायला कुणी तयार असेल तर त्याच्या तपासण्या डायलिसिस सुरू होण्याआधीच करून घेता येतात, आणि शक्य असेल तिथे तसंच करावं. यादीत नाव लागल्यावर मोबाइल नंबर बदलला, तर तो त्याच दिवशी रुग्णालयातल्या समन्वयकाला कळवा. किडनी उपलब्ध झाल्याचा फोन रात्री दोनलाही येऊ शकतो, आणि तो लागला नाही तर पुढच्या रुग्णाला जातो.